गोदामाची किल्ली

चांदूर रेल्वे,
पोळ्याची कर

ती. ताईस,
सा. न.

काल पोळा झाला. बैल दरवर्षी कमी होत चाललेत, तरी तोरण बांधलं होतं, झुली-बाशिंगं होती, आदल्या दिवशीच्या खांदशेकणीची हळद बैलांच्या मानेवर दिसत होती. झडत्यांची वेळ आली तेव्हा आपल्या आळीतला एक म्हातारा कास्तकार पुढं झाला. त्याच्या झडतीत बोंडअळी होती, कापसाचा भाव होता, जावयाला द्यायची मोटारसायकल होती आणि शेवटी महादेव होता. सगळी तिथंच, उभ्याउभ्या जुळवलेली. आता समोरून उत्तराची झडती यायला पाहिजे होती. ती आली नाही. थोड्या वेळानं एका पोट्ट्यानं खिशातून मोबाइल काढला आणि त्यावरची एक वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा मात्र घरी परत येताना मला म्हणाला, "वाचून झडती होते काय, भाऊ? ते तोंडात आली पाहिजे."

रात्री झोप आली नाही. तू मागच्या आठवड्यात फोनवर विचारलंस, गोदामाला गिऱ्हाईक आलं आहे तर विकून मोकळे का होत नाही. फोनवर मी गप्प राहिलो. ते गोदाम मला विकायचं नाही. तिथं गावासाठी कलाकेंद्र सुरू करायचं आहे. बाबांच्या पश्चात आखीव पत्रिकेवर तुझं आणि माझं, दोघांचं नाव आहे, म्हणून तुझी संमती पाहिजे. केंद्र का पाहिजे ते सविस्तर लिहितो.

गोदाम तुला आठवतं ना? चाळीस फूट लांब, बावीस रुंद, वर टिनाचे पत्रे. सरकी-ढेपेचा वास भिंतीतून अजून गेलेला नाही. स्टेशनकडून मालगाडी गेली की दाराची कडी वाजते. भिंती पक्क्या आहेत. फरशी दोन ठिकाणी खचली आहे, तेवढी भरून घ्यावी लागेल.

कलाकेंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मोठं सभागृह येतं. रंगमंच, मखमली पडदा, खुर्च्यांच्या रांगा, उद्घाटनाची कोनशिला. अशी सभागृहं आपल्याकडं बऱ्याच गावांत झाली. लग्नाच्या तिथीला ती उघडतात, एरवी दाराला कुलूप. त्यात बांधणाऱ्यांची नियत खोटी होती असं मी म्हणत नाही. पण गावाला प्रयोगाच्या रात्रीपेक्षा तालमीच्या संध्याकाळी जागा लागते. प्रयोग तर मारुतीच्या पारासमोर दोन बाजा जोडूनही होतो. त्याच्या आधीच्या चाळीस संध्याकाळी कुठं काढायच्या, हा खरा प्रश्न आहे.

हे मी अनुभवानं सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या अमरावती केंद्रावर आपलं नाटक उतरवायचं म्हणून आम्ही अकराजण एका वर्षी झटलो होतो, तुला ठाऊक आहे. एका संस्थेनं वर्ग वापरायला दिला. आठ दिवस छान गेले. मग किल्ली असलेला माणूस लग्नाला गेला, मग परीक्षा आल्या, मग म्हणाले विजेचं बिल वाढतं. आम्ही एका मित्राच्या खळ्यावर गेलो, तिथं तूर येऊन पडली. दोन मुलींच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं की रोज वेगळ्या जागी पोरगी रात्रीची पाठवणार नाही. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. नाटक उभंच राहिलं नाही. त्या दोघींपैकी एकीचा आवाज असा होता की शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबुज ऐकू यावी. आता ती दोन लेकरांची आई आहे. परवा बाजारात भेटली तेव्हा तिनं तिचा एक संवाद मला जसाच्या तसा म्हणून दाखवला.

माणसं नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. आपल्याच तालुक्यात सावंगा विठोबाला गुढीपाडव्याला जी माणसं कापूर जाळायला येतात, त्यांच्या गावोगावच्या भजनी मंडळांत मृदंगावर बसणारे हात बघ. खंजिरी तर आपल्या जिल्ह्याची ओळख आहे. दंडार खेळलेली म्हातारी माणसं अजून आहेत. साडी नेसून ठेक्यावर वळणारे ते पाय आता गुडघेदुखीनं वळत नाहीत, पण त्यांना सगळं पाठ आहे. लिहिणारी पोरं आहेत, हॉटेलच्या बिलामागं चित्रं काढणारी आहेत. ही माणसं एकमेकांना रोज भेटत नाहीत. म्हाताऱ्याच्या झडतीला पोरगं उत्तर देऊ शकलं नाही ते बुद्धी नव्हती म्हणून नव्हे. त्या दोघांनी एका सतरंजीवर बसायची जागा कुठंच नाही.

रोजच्या संध्याकाळींतून काय उभं राहतं ते आपल्या जिल्ह्यानं दोनदा दाखवलं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं ते आखाडा म्हणून. रोज माती अंगाला लावणारी पोरं आधी आली, इमारती मागून आल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पोरांनी तिथं आपले देशी खेळ करून दाखवले. दुसरं उदाहरण तुला सांगायलाच नको. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारलं, पण गावागावांत त्यांनी पोचवली ती सामुदायिक प्रार्थना. ठरलेली वेळ, सगळ्यांनी ओळीत बसायचं, सगळ्यांनी म्हणायचं. पेटी आणि खंजिरी धरायला किती पोरं त्या प्रार्थनेतच शिकली असतील! बाबा स्वतः तसेच शिकले. संगीताची शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

गाडगेबाबांचंही मनात येतं. सकाळी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांना उत्तर द्यावं लागायचं. ऐकणारा माणूस नुसता ऐकणारा राहत नसे. मला केंद्र तसं पाहिजे. तिकीट काढून बसणाऱ्यांचं नको.

आणि फार लांबचं नाही, शेजारच्या कर्नाटकातलं एक गाव आहे, हेग्गोडू. शिमोगा जिल्ह्यातलं, सुपारीच्या बागांचं खेडं. तिथं १९४९ साली गावकऱ्यांनी 'नीनासम' ही नाटकमंडळी काढली. के. व्ही. सुब्बण्णा त्यातलेच, सुपारीच्या बागाइतदार घरातले. खेड्यातल्या लोकांना जगातलं चांगलं नाटक कळत नाही हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. १९८० साली तिथं नाट्यशिक्षणाची शाळा निघाली, १९८५ पासून त्यांची फिरती मंडळी, 'तिरुगाट', कर्नाटकभर नाटकं घेऊन जाऊ लागली. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे मिळालं. आरंभ आणि शाळा यांच्यामध्ये एकतीस वर्षं आहेत, ताई. मी साठीला आलो आहे, म्हणून ती एकतीस मला जास्त दिसतात. पण म्हणूनच यंदा सुरू करायचं आहे, पुढच्या वर्षी नाही.

पूर्वी मला वाटायचं की इमारतीला माणसं जीव लावत नाहीत. पण २०२४ च्या ८ ऑगस्टला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेली ती वास्तू. जळक्या दारासमोर रडणारी माणसं मी टीव्हीवर पाहिली. त्यात नट होते तसे दिवे लावणारे, पडदा ओढणारेही होते. याच केशवरावांच्या 'ललितकलादर्श'नं आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' रंगभूमीवर आणलं होतं. त्या रात्री मी स्वतःला विचारलं, आपल्या चांदुरात कोणती भिंत पडली तर मी असा रडेन? स्टेशन सोडलं तर उत्तर सापडलं नाही.

आता व्यवहाराचं. मी चौकशी करून ठेवली आहे. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, तेवढे आम्ही जमलो आहोत. अमरावतीला धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकतपत्र लागतं, म्हणजे तुझं आणि माझं. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, ते हिशेब लिहून ठेवायला आपल्या ओळखीचा एक निवृत्त बँकवाला तयार आहे. नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते, ते पुढं बघू. दंडारीचं मात्र एक आहे. पूर्वी ती उजाडेपर्यंत चालायची. आता रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा लावता येत नाही, आणि आजारी माणसाच्या, अभ्यासाच्या पोराच्या दृष्टीनं तो नियम योग्यच आहे. बंदिस्त सभागृहात आतल्याआत आवाज राहत असेल तर त्याला मुभा आहे. आपल्या गोदामाच्या भिंती दीड फुटी आहेत. आणि खरं सांगू, बावीस फुटांच्या खोलीत दंडारीला माइक लागतच नाही.

वेळापत्रक शहरासारखं करून चालायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगतो आहे. मृग लागला की पोळ्यापर्यंत कास्तकाराला मान वर करायला फुरसत नसते. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. या दिवसांत फक्त पोरांचे वर्ग ठेवायचे. दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन निघतं, मग कापूस वेचायला बाया सकाळीच वावरात जातात, त्यांना संध्याकाळी बोलावणं म्हणजे त्यांच्या अंगाचा विचार न करणं. तूर घरात आली की मग मोठी माणसं मोकळी होतात. मोठं नाटक, दंडार, जे काय करायचं ते महाशिवरात्र ते अक्षय तृतीया. उन्हाळ्यात टिनाखाली दुपारी बसणं शक्य नाही, तेव्हा पहाटेचा रियाज आणि रात्रीची तालीम. कलाकेंद्र नांगरटी-वेचणीच्या हिशेबानं चाललं पाहिजे, नाहीतर ते नोकरदारांचंच होऊन बसेल.

आणि बायांची वेळ वेगळी: दुपारी तीन ते पाच. यावर आमच्या सात जणांत वाद झाला. एक जण म्हणाला, तेव्हा कोण येईल? तुझी भावजय तिथं चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "तुमी एकडाव उघडून तर पहा. आमाले कोनी जागा दिली काय आजवर?" त्यावर कोणी बोललं नाही. तेव्हापासून सातात ती आठवी आहे, आणि दुपारची किल्ली तिच्याकडं राहणार आहे.

किल्लीवरूनच आमच्या सगळ्यांत जास्त बैठकी झाल्या. पैशावरून एवढ्या झाल्या नाहीत. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडं नको. मी मालक, उद्या माझा मूड गेला, मी पुण्याला तुझ्याकडं आलो, मी आजारी पडलो, की दार बंद. म्हणून तीन किल्ल्या करायच्या. एक तुझ्या भावजयीकडं, एक स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडं, कारण त्याचं दुकान पहाटेपासून उघडं असतं, आणि एक त्या पोट्ट्याकडं, ज्यानं काल मोबाइलवरची झडती वाचली. तुला आश्चर्य वाटेल, पण टाळ्या मिळूनही तो काल घरी तोंड पाडून गेला. त्याला कळलं होतं. म्हाताऱ्याला मी विचारलं, शिकवाल का? म्हणाला, "शिकवाले काय लागते, बसू तर द्या कुठी."

विकून तुझ्या वाट्याला जी रक्कम आली असती ती लहान नाही, हे मी जाणतो. नातवाच्या शिक्षणाचं तू बोलली होतीस. तुला पैशाची गरज असेल तर स्पष्ट लिही, तुझ्या हिश्शाची रक्कम मी हप्त्यानं देईन, वावराचा एक तुकडा मक्त्यानं लावायला गिऱ्हाईक आहे. तू नाही म्हणालीस तरी माझ्या मनात काही राहणार नाही. फक्त ठरवायच्या आधी एकदा येऊन जा.

पंधरा दिवसांनी भाद्रपदाची पौर्णिमा, भुलाबाई बसेल. गोदामातच बसवायचं ठरवलं आहे, धांड्यांचा मखर पोरं करणार आहेत. आळीतल्या मुलींना दोन-तीनच गाणी येतात. आईची वही तुझ्याकडं आहे ना, हिरव्या पुठ्ठ्याची, शेवटच्या पानांवर खिरापतींची नावं लिहिलेली? ती घेऊन ये. चाली तुलाच येतात, वहीत त्या नाहीत.

तुझा
लहान भाऊ