सहावीचं कुलूप

बॉस्टनच्या उपनगरांत ऑगस्ट लागला की मराठी घरांत दोन गोष्टींची धांदल उडते: मंडळाच्या गणपतीची आणि शाळेच्या खरेदीची. ज्या घरातलं मूल पाचवीतून सहावीत चाललेलं असतं, तिथे तिसरंही काहीतरी चालू असतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मूल रात्री लवकर झोपत नाही, जेवता जेवता मध्येच गप्प होतं, आणि डॉक्टरला न सापडणारी पोटदुखी सुरू होते.

सहावी म्हणजे मिडल स्कूल. बहुतेक गावांत ते सहावी ते आठवी असतं आणि इमारतही वेगळी असते. महाराष्ट्रात शिकलेल्या आईबापांना यातली भीती चटकन उमगत नाही. आपण पाचवीत हायस्कुलात गेलो, पण एकदा 'ब' तुकडी मिळाली की वर्षभर 'ब' तुकडीच. बाक ठरलेला, शेजारी ठरलेला, मधल्या सुट्टीतला डबाही त्याच बाकावर. तास संपला की बाई जायच्या आणि सर यायचे. आपण जागचे हलत नव्हतो. इथे शिक्षक आपल्या खोलीत बसतात आणि मुलं फिरतात. घंटा झाली की चार-पाच मिनिटांत भल्यामोठ्या इमारतीतून पुढची खोली गाठायची, आणि तिथे बसलेली मुलं आधीच्या तासाची नसतातच. जेवायच्या सुट्टीत कॅफेटेरियात कोणत्या टेबलाशी जाऊन बसायचं, हा तर रोजचा प्रश्न. ज्याचा एकुलता एक मित्र दुसऱ्या वेळेला जेवतो, त्या अकरा वर्षांच्या मुलाने हातातला ट्रे घेऊन कुठे जायचं?

माझ्या मुलाची सगळी भीती लॉकरच्या कुलपात येऊन बसली होती. या कुलपाला किल्ली नसते, आकड्यांची तबकडी असते. तबकडी उजवीकडे तीन वेळा पूर्ण फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे वळून तो आकडा एकदा ओलांडायचा आणि दुसऱ्यावर यायचं. मग पुन्हा उजवीकडे, थेट तिसऱ्यावर. जरा पुढेमागे झालं की पहिल्यापासून सुरुवात. आम्ही सरावाला एक कुलूप आणलं. तो ते जेवणाच्या टेबलावर घेऊन बसायचा. उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा. साताऱ्याहून आजीने व्हिडिओवर हे पाहिलं आणि म्हणाली, "अरे बाळा, साधं किल्लीचं लाव की!" तो खूप दिवसांनी खळखळून हसला.

दुसऱ्यांदा तसा हसला तो जेफ किनीचं 'डायरी ऑफ अ विम्पी किड' वाचताना. 2007 साली आलेलं हे पुस्तक आमच्या गावच्या लायब्ररीत पानं सुटेपर्यंत वाचलं गेलंय. रेघांच्या वहीवर मुलाने स्वतः लिहावं-चितारावं तशी त्याची मांडणी आहे. नायक ग्रेग हेफली मिडल स्कूलमध्ये नुकताच पाऊल टाकतोय. पहिल्या दिवशी कुठे बसावं याची त्याला धास्ती, वर्गातली मुलं अचानक थोराड दिसू लागल्याची धास्ती, आणि शाळेत आपला लोकप्रियतेत कितवा नंबर लागतो याचा तो चक्क हिशेब मांडतो. बास्केटबॉलच्या मैदानावर चीजचा एक बुरसटलेला तुकडा पडलाय. त्याला जो चुकून शिवेल तो वाळीत, दुसऱ्या कोणाला शिवेपर्यंत. ग्रेग ही भीती शहाणपणाने समजावून सांगत नाही. तिला आतूनच फुगवत नेतो, आणि वाचणाऱ्याला हसता हसता कळतं की अरे, हे तर माझंच चाललंय.

आपल्या ओळखीतले बरेच आईबाप या पुस्तकाला नाकं मुरडतात. निम्मी तर चित्रंच आहेत, ग्रेग आळशी आहे, खोटं बोलतो, मित्राला वापरून घेतो. आहे खरा तसा. पण शेवटी टारगट पोरं रावलीला, म्हणजे ग्रेगच्या भाबड्या मित्राला, तेच चीज खायला लावतात, तेव्हा ते मीच फेकून दिलं असं सांगून ग्रेग त्याची नाचक्की आपल्या अंगावर घेतो. भित्र्या, आपमतलबी मुलाच्या हातून घडलेलं ते एक चांगलं काम मला कितीतरी सद्गुणी बालनायकांपेक्षा खरं वाटतं.

किनीला वर्तमानपत्रांत व्यंगचित्रकार व्हायचं होतं. चित्रं पुरेशी सफाईदार नाहीत म्हणून ते जमलं नाही, तेव्हा त्याने शाळकरी पोराच्याच हाताने काढायचं ठरवलं. मोठ्यांनी आपलं बालपण आठवावं म्हणून त्याने हे लिहिलं होतं; हे मुलांचं पुस्तक आहे, हे प्रकाशकांनी ओळखलं. आज बॉस्टनपासून तासाभरावरच्या प्लेनव्हिल गावात त्याचं स्वतःचं पुस्तकांचं दुकान आहे.

इथे मला प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवतो. मुलाच्या मनातली धडधड मराठीत इतकी हळुवार क्वचितच कोणी लिहिली असेल. पण लंपन आपण मोठ्यांनीच वाचला. मुलांच्या हाती आपण फास्टर फेणे दिला. तो मला अतिशय प्रिय आहे, पण तो संकटात उडी घेणारा पोरगा. ज्याला वर्गाच्या दारातच घाम फुटतो, असा मुलगा मुलांसाठीच्या विनोदी मराठी कादंबरीत नायक झालेला मला तरी पटकन आठवत नाही. अशी मुलं सातारा-सांगलीतही आहेत, आणि इथेही घरात मराठी बोलत वाढताहेत.

तेव्हा मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनो, एक घाबरट मुलगा आम्हाला द्या, आणि त्याला खूप हसवू द्या. आणि यंदा ज्यांचं मूल सहावीत जाणार आहे त्या आईबापांनो, हे पुस्तक त्याच्या हातून काढून घेऊ नका. ऑगस्टच्या आत ते आधी तुम्ही वाचा, आणि मग त्याला विचारा की शाळेत जेवायला कुठे बसणार आहेस.