मधली गाडी

परदेशी नाव गावाच्या तोंडात बसायला वेळ लागतो. आमच्या सोनपेठला ‘डेसोटो’ हे नाव कधी धड बसलेच नाही. कोणी ‘दिसोटा’ म्हणे, कोणी ‘देसूट’. आमच्या आजीने तर पहिल्याच दिवशी तिचे नाव ‘देशोधडी’ ठेवून दिले आणि शेवटपर्यंत बदलले नाही. तिचा मधला मुलगा, म्हणजे आमचे नाना, घरची तिफण सोडून त्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागला, याचा तिला राग. तो तिने नावावर काढला.

ही गोष्ट १९५६ सालची. मी तेव्हा मराठी तिसरीत होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. ‘आपण मुंबईत गेलो आन् मुंबईची गाडी आपल्यात आली,’ असे नाना थट्टेने म्हणत. लॉरी गावातल्या एका अडत व्यापाऱ्याची. तिने कापूस वाहायचा, कधी जवारीची पोती, कधी परळी वैजनाथाला निघालेले वऱ्हाड. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की मुलाचा पाय आत जावा, आणि मृगाचा पाऊस पडला की तीच माती बैलाचा पाय सोडत नाही. अशा वाटेवरून ती गोल नाकाची लॉरी घुरघुरत येऊ लागली की आम्ही पोरे वेशीपर्यंत धावत जात असू.

घरात तीन भाऊ. थोरले आमचे वडील. त्यांना सारे दादा म्हणत. त्यांच्याकडे शेत. धाकटे अण्णा, त्यांच्याकडे शाळा, पुस्तके आणि पुढची आशा. मधले नाना. थोरल्याला मान असतो, धाकट्याचे लाड असतात, मधल्याला काम असते. नानांच्या पगारातून अण्णांची औरंगाबादची खाणावळ भागे आणि दादांचे बी-बियाणे येई. दिवाळीला नवे धोतर दादांना, नवा शर्ट अण्णांना. नाना म्हणत, ‘मला कशाला? माझं कापड ऑइलात भिजणार.’ आणि घरात कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे.

लॉरी अमेरिकन म्हणायची, पण ती जोडली होती मुंबईजवळ कुर्ल्याला. त्यामागे होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९१९ साली सिंदिया कंपनी काढून इंग्रज आगबोटींशी टक्कर घेणारे आणि १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना उभा करणारे तेच हे वालचंद. मोटारीचा कारखाना देशात निघावा म्हणून त्यांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणे केले. इंग्रज सरकारला हा उद्योग नकोच होता, त्यात महायुद्धाची सबब मिळाली. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली आणि १९४७ सालापासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डेसोटो, फार्गो ही सगळी क्रायस्लरच्याच घरची नावे. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि येथे जोडले जायचे. पुढे एकेक भाग येथेच घडू लागला. १९५३ साली वालचंद वारले, पण कारखाना चालू राहिला.

डॉज, फार्गो आणि डेसोटो या लॉऱ्यांत फरक तो काय, असे कोणी विचारले की नाना म्हणत, ‘तिघी जावा हायेत. कुंकू येगळं, चूल एकच.’ ते खरेच होते. साचा एक, इंजिन एक, नाकावरची पाटी तेवढी निराळी. मोटारींचेही तेच. परदेशी धाडायची ‘डेसोटो डिप्लोमॅट’ म्हणजे अंगाने स्वस्तातली प्लिमथच, वर मधल्या घराचे नाव लावलेली. एकदा परभणीचे कोणी वकीलसाहेब अशा गाडीतून गावात आले होते. नानांनी झाकण उघडून आत पाहिले आणि हळूच हसले. वकीलसाहेबांना त्यांनी काही सांगितले नाही. पाहुण्याचा मान ठेवायचा असतो.

या नावाची पुरी कहाणी मला कळली ती औरंगाबादेस कॉलेजात असताना, वाचनालयातली जुनी अमेरिकन मासिके चाळता चाळता. त्या देशात मोटार ही नुसती जाण्यायेण्याची सोय नव्हती, ती एक शिडी होती. जनरल मोटर्स कंपनीने ती बांधली होती. तळाच्या पायरीवर शेव्हरोलेट, मग पाँटिअॅक, ओल्डस्मोबिल, ब्यूक, आणि माथ्यावर कॅडिलॅक. नव्या कारकुनाने शेव्हरोलेट घ्यावी, बढती मिळाली की एक पायरी चढावी. दारात गाडी कोणती उभी आहे यावरून शेजाऱ्याला पगार कळे. आपल्याकडे अंगावरच्या दागिन्यांवरून कळतो, तसाच हा प्रकार.

वॉल्टर क्रायस्लर हा मूळचा रेल्वेच्या कारखान्यातला कारागीर. स्वतःच्या नावाची कंपनी काढून तीनच वर्षे झाली होती. १९२८ साली त्यानेही आपली शिडी उभी केली. तळाला प्लिमथ आणि मधल्या पायरीवर डेसोटो. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश मुलूखगिरी करणाऱ्याचे ते नाव. मधल्या मिळकतीच्या माणसाला फार झोंबणार नाही आणि फार हलकीही वाटणार नाही, अशा किमतीची गाडी. पहिल्या बारा महिन्यांत ८१ हजारांहून अधिक खपल्या. नव्या नावाच्या गाडीने पहिल्या वर्षी एवढे खपावे हा विक्रम पुढे तीस वर्षे मोडला नाही.

पण त्याच वर्षी क्रायस्लरने डॉज बंधूंची कंपनी विकत घेतली. डॉजही मधल्याच किमतीची. एका घरात दोन मधले झाले, आणि मला वाटते डेसोटोची साडेसाती तेथूनच सुरू झाली. प्रथम डॉज वर होती, डेसोटो खाली. १९३३ साली त्यांची अदलाबदल झाली. गिऱ्हाइकाला कळेना की यांतली थोरली कोणती.

१९३४ साली ‘एअरफ्लो’ नावाची नवी घडण आली. वारा कापत जावी म्हणून इंजिनियरांनी ती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली होती. गाडी काळाच्या पुढे होती, पण लोकांना तिचे उतरते नाक मुळीच आवडले नाही. थोरल्या क्रायस्लर गाडीने नवा अंगरखा शिवला, तरी जुना पेटीत जपून ठेवला होता. डेसोटोला मात्र त्या वर्षी दुसरा अंगरखाच दिला नव्हता. घरातला नवा प्रयोग नेहमी मधल्याच्या अंगावर का होतो, ते मला आजवर उमगलेले नाही.

त्या धक्क्यातूनही ती सावरली. महायुद्धानंतर पुन्हा चांगले दिवस आले. माशाच्या कल्ल्यांसारखी उंच शेपटी काढलेली १९५७ सालची गाडी लाखाच्या वर खपली. आणि १९५८ साली अमेरिकेत मंदी आली. मंदीत श्रीमंत आपली गाडी घेतोच, गरीब स्वस्तातली घेतो. मधला माणूस मात्र जुनीच गाडी आणखी एक वर्ष ओढतो. एका वर्षात डेसोटोचा खप निम्म्याहून खाली आला. खालून डॉज चढत होती, वरून क्रायस्लर आपली किंमत उतरवत होती. परक्याने मारले असे म्हणायला जागा नाही. घरच्याच दोघांनी मधली जागा व्यापली. फोर्ड कंपनीने १९५७ साली याच मधल्या किमतीत ‘एड्सेल’ नावाची गाडी उतरवली होती. तिचाही दोन वर्षांत निकाल लागला. ३० नोव्हेंबर १९६० रोजी क्रायस्लरने डेसोटो बंद केल्याचे जाहीर केले. १९६१ सालची नवी गाडी बाजारात येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. बत्तीस वर्षांत वीस लाखांवर गाड्या निघाल्या, आणि शेवटच्या खेपेला तीन हजारांच्या आसपास.

पुढे इतरांच्या शिड्याही मोडल्या. प्लिमथ २००१ मध्ये गेली, ओल्डस्मोबिल २००४ मध्ये, पाँटिअॅक २०१० मध्ये. आता लोक पायऱ्या चढत नाहीत, एकदम उडी मारतात.

गंमत अशी की मायदेशी नाव पुसले गेले तरी ते परदेशातल्या मालमोटारींच्या नाकावर शिल्लक राहिले. तुर्कस्तानात राहिले आणि आमच्या सोनपेठच्या वाटेवरही राहिले. घरातून निघालेले नाव असे मुलूखभर ओझी वाहत फिरले. आजीने ठेवलेले ‘देशोधडी’ हे नाव मासिकातल्या त्या पानावर मला एकाएकी आठवले.

१९६८ च्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा ही सगळी हकीकत नानांना सांगितली. तोवर व्यापाऱ्याने टेल्कोची डिझेल लॉरी घेतली होती आणि थकलेल्या पगारापोटी जुनी डेसोटो नानांच्या गळ्यात घातली होती. नाना तिच्याखाली पाठीवर निजून काही आवळत होते. मी म्हणालो, ‘नाना, तुमची कंपनी आठ वर्षांमागंच मेली.’ खालून पान्ह्याचा आवाज थांबला. मग नाना म्हणाले, ‘नाव मेलं आसंल. गाडीला कोण सांगितलंय ते? तिला ठावं न्हाई तवर ती चालंल.’ आणि पान्हा पुन्हा सुरू झाला.

ती चालली. १९७२ च्या दुष्काळात तर तीच गावाला उपयोगी पडली. विहिरी तळाला गेल्या होत्या, माणसे खडी फोडायला जात होती, आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल मिलो जवारी मिळत होती. ती पोती नाना परळीच्या स्टेशनावरून वाहून आणत. अमेरिकेचे धान्य, अमेरिकेत मेलेले नाव आणि हाकणारा सोनपेठचा. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण नानांनी खेप चुकवली नाही. भाडे थकले तरी गावात कोणापाशी ते मागायचे नाहीत.

कुर्ल्याच्या कारखान्याचे लक्ष तोवर लहान गाडीकडे वळले होते. फियाट अकराशे आली. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. पेट्रोल महाग, रस्ते अरुंद, पगार बेताचा. अशा देशात मोठ्या अमेरिकन गाडीला जागा राहिली नाही. मग पद्मिनीचीही पाळी आली. नवे शतक उजाडता उजाडता ती बनणे थांबले, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आबा गेल्यावर आमच्या घरची वाटणी झाली. एकच लांबट रान, त्याचे तीन पट्टे. दादांनी विहिरीकडचा घेतला. ते कसणारे, त्यांचा हक्क होता. अण्णांनी सडकेकडचा मागितला, पुढेमागे घर बांधायला बरा म्हणून. उरला मधला. त्याला ना विहीर, ना सडक. पंचांनी विचारले, ‘नाना, तुमचं काय म्हणणं?’ नाना म्हणाले, ‘माझं काय? मला गाडी हाय की.’ गाडी त्या वेळी अंगणात विटांवर उभी होती आणि तिची दोन चाके विकलेली होती. हे पंचांना ठाऊक होते, दादांना होते, अण्णांनाही होते. कागदावर सह्या झाल्या आणि सगळे चहाला बसले.

आता तिघेही भाऊ नाहीत. नानांचा मुलगा तो मधला पट्टा कसतो. दर साल दिवाळीला मी शेतावर चक्कर मारून येतो. सडकेवरून आमच्या शेताकडे गाडी जाते ती नानांच्या पट्ट्यातून, आणि विहिरीचे पाणी अण्णांच्या रानाला जाते तेही नानांच्याच पट्ट्यातून. वाटेला आणि पाटाला मिळून त्याची चांगली दोन तासे जमीन गेली आहे. मी एकदा त्याला म्हटले, ‘अरे, दोघांकडून काही मोबदला माग.’ तो म्हणाला, ‘आबा म्हणायचे, मधल्यानं आडवायचं नसतं.’

वाटेत साचलेला पाला त्याने पायाने बाजूला सारला, आणि पाणी पुढे गेले.