निघता निघेना!

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बाबांची पद्मिनी सांगलीला काकांच्या दारात चार दिवस कृष्णेच्या पाण्यात होती. यंदा ती साताऱ्याला आणली. बाबांना एकदा स्वतः चालवत सांगलीला जायचंय. इंजिन पटकन सुरू झालं, पण गाडी अडली मागच्या कमानपाट्याच्या बुशवर!

बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर. खड्ड्याचा दणका रबर गिळतं. पण बाहेरची नळी पाट्याच्या भोकात गंजली, की दोन्ही लोखंडं एक होतात. हातोडा मारावा तर नळीची कड फुलून ती आणखीच घट्ट बसते. मिस्त्री म्हणाले, "गॅस लावू, दोन मिनिटांत मोकळं." मी नको म्हटलं. रबराचा घाण धूर एक वेळ सोसू, पण तापला की पाट्याचं पाणी उतरतं. आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी यायची बंद होऊन पाव शतक झालं. दुसरा पाटा कुठून आणायचा बॉस?

मग अख्खा वीकेंड त्यातच. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं. ड्रिलनं रबर पोखरून आतली नळी काढली. हॅक्सॉचं पातं भोकातून ओवून बाहेरच्या नळीला आतून चीर पाडली, पाट्याला धक्का न लावता. दर दहा घासांनी टॉर्च मारून बघायचं! चीर पूर्ण झाल्यावर छिन्नीनं कड आत मुडपली आणि नळी चक्क हातात आली.

नवा बुश लांब बोल्ट आणि वॉशर लावून, नट आवळत ओढून बसवला. पलीकडच्या पाट्याचा बुश मिस्त्रींनीच काढला. हॅक्सॉनं.