वाघ्रोच्या पाषाणाची साक्ष

धारवाड या नावाची व्युत्पत्ती 'द्वारवाट' अशी सांगतात. मलनाडात शिरण्याचे दार ते हे गाव. पण या दारात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्यापैकी कितीजणांनी ते ओलांडले असेल? सुटी लागली की आपले पाय पुण्याकडे, कोल्हापुराकडे, फार तर पंढरपुराकडे वळतात. हल्याळवरून जाणाऱ्या बसने दांडेली गाठावी, तेथून पुढे जोयड्यास जावे, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. गेलोच तर दांडेलीस नदीकाठच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये उतरतो, रबरी तराफ्यात बसून काळी नदीच्या लाटा अंगावर घेतो आणि जंगल पाहिले म्हणतो. त्या लाटाही नदीच्या मर्जीच्या नव्हेत. वर गणेशगुडीस सुपे धरणाच्या पायथ्याशी वीज करून पाणी सोडले की नदी उठते. एरवी ती खडकांतून मुकाट्याने वाहत असते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता व दोन शिक्षक स्नेही असे चौघे जोयडे तालुक्यातील एका कुणबी कुटुंबाकडे तीन दिवस राहून आलो. हल्याळ सोडल्यावर प्रथम साग व बांबू लागतो. जोयड्याच्या पश्चिमेस घाटमाथ्याकडे जाऊ लागलो की झाडे उंच व दाट होतात आणि भर दुपारी वाटेवर संधिप्रकाश पडतो. ज्या पावसाची आम्ही धारवाडकर आभाळाकडे पाहत वाट पाहतो, तो या बाजूस आमच्या कितीतरी पट कोसळतो. हे सदाहरित अरण्य त्याचेच लेकरू.

घर कौलारू, अंगण शेणाने सारवलेले. मागील अंगास घरधन्याने पाहुण्यांसाठी दोन खोल्या स्वतःच्या हातांनी बांधल्या आहेत. मालक तोच, वाटाड्या तोच आणि रात्री कंदील घेऊन गड्ड्यापर्यंत सोबत करणाराही तोच. जेवणात नाचणीची भाकरी, कुळथाचे कढण आणि कंद : सुरण, करांदे आणि मुडली नावाचा मांडीएवढा अळूचा गड्डा. जोयड्याचे कुणबी कंदांच्या जातींसाठी प्रसिद्ध आहेत, आणि हिवाळ्यात जोयड्यास कंदमुळांचा मेळा भरतो. या लोकांची बोली कोकणी. पाण्यास 'उदक' म्हणतात! आपण जो शब्द संध्येच्या पळीपुरता जपून ठेवला, तो तेथे पोर विहिरीवरून डोक्यावर आणते. आमच्या सौभाग्यवतींचे गृहिणीशी पहिल्या संध्याकाळीच जमले. एकीची कोकणी, दुसरीची धारवाडी मराठी, आणि अडेल तेथे दोघींचे कानडी.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडण्यास मनाई आहे. आमचे फिरणे गावच्या हद्दीतील पायवाटांवरच होते. घरधनी पुढे, अनवाणी. तो जनावर शोधीत नव्हता, ऐकत होता. एके ठिकाणी त्याने हात वर केला. डोक्यावरून वाफेच्या इंजिनासारखा घुसघुस आवाज करीत मोठा पक्षी गेला. तो राजधनेश. तो ज्या दिशेने गेला तिकडे न जाता दादांनी आम्हांस एका करवंदीच्या जाळीआड बसविले व समोरच्या उंच झाडाच्या ढोलीकडे बोट दाखविले. ढोलीचे तोंड लिंपलेले, मध्ये केवळ एक उभी फट. आत मादी होती. विष्ठा आणि अन्नाचा चोथा यांनी ती स्वतःस आत बंद करून घेते, आतच पिसे टाकते, अंडी उबविते, आणि तीन-चार महिने तिचा सारा भार बाहेरच्या नरावर असतो. पाऊण तासाने नर आला. घशातून एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकाने त्या फटीत देऊ लागला. आम्ही मोजली, एकवीस उंबरे. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांमुळे मराठी वाचकास रानातील पाखरे घरबसल्या भेटली हे खरे. पण त्या फटीतून बाहेर आलेले चोचीचे टोक पाहताना आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. "हा नर मेला तर आतली माणसेही संकटात," दादा हळूच म्हणाले. माणसेच म्हणाले ते.

वाघ काही दिसला नाही, आणि दिसला नाही म्हणून कुणी हळहळलेही नाही. शेकरू दिसले, गव्याचे ताजे शेण दिसले. परतताना एका जुन्या झाडाखाली शेंदूर माखलेला एक पाषाण होता. दादांनी त्यावर दोन फुले ठेवली. हा 'वाघ्रो', वाघदेव. सीमेपलीकडे गोव्याच्या डोंगरांतही त्याची पूजा होते.

येथवर सारे सुखाचे. तिसऱ्या संध्याकाळी दादांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आमच्यापुढे ठेवले, आणि या रानाची दुसरी बाजू दिसली.

कारवार जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याच वर्षी दांडेलीचे अभयारण्य झाले. १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प, आणि २०१५ साली त्यास काळीचे नाव मिळाले. मधल्या काळात सुपे धरण उभे राहिले आणि तालुक्याचे गाव असलेले सुपेच पाण्याखाली गेले. डोंगरउतारावरची कुणब्यांची कुमरी शेती तर इंग्रजी अमदानीतच आक्रसली होती. प्रकल्पाच्या गाभ्यातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास सरकार २००८ पासून १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये देऊ करते. दादांचा चुलतभाऊ ते घेऊन गेला. त्यास आम्ही दोष देणार नाही. दवाखाना नाही, पावसात रस्ता नाही, मुलांची शाळा दूर, अशा ठिकाणी रहा असे शहरातून सांगणे सोपे.

दादांचे गाव गाभ्याबाहेर असले, तरी त्यांच्या शेताचा काही भाग वनखात्याच्या कागदांत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मागता येतो. मात्र गोव्यातील कुणब्यांस २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे; कर्नाटकात तो मिळावा म्हणून कुणबी वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहेत. तो नसल्याने 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. पेरू देशात इन्फिएर्नो नावाच्या गावच्या एसे एहा लोकांनी १९९६ साली एका कंपनीशी करार करून आपल्या अरण्यात अतिथिगृह उभारले. नफ्यातील साठ टक्के गावाचे. पण त्यांच्या पायाखालची जमीन गावाच्या नावावर होती. खालची जमीन कुणाची हे ठरले नसेल तर वर बांधलेल्या दोन खोल्या कुणाच्या म्हणावयाच्या?

कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि ती वाचून आम्हांस नवल वाटले. त्यात नुसते कागद नाहीत. विहिरी, बांध, दफनभूमी, देवस्थाने हेही पुरावे आहेत. शिवाय अर्जदार सोडून अन्य वृद्धांचे लेखी निवेदन चालते. म्हणजे वाघ्रोचा तो पाषाणही साक्षीस उभा राहू शकतो. दादांच्या पिशवीत पावत्या होत्या, फोटो होता. वृद्धाचे निवेदन मात्र नव्हते, कारण कानडीत नीट लिहून देणारे कुणी मिळाले नव्हते.

शेजारची म्हातारी आली. नव्वदी ओलांडलेली, कानाने ऐकू कमी. ती कोकणीत सांगे, आम्ही कानडीत उतरवीत असू, दादा मोठ्याने वाचून दाखवीत. तिच्या सासूच्या लग्नात वाघ्रोपुढे नारळ फुटला होता, असे सासू सांगत असे. विहीर कुणी खणली, बांध कोणत्या पावसात फुटला व पुन्हा कुणी घातला, सारे तिला तोंडपाठ. चार पाने झाली. अंगठा उमटवून ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत वळली. विहिरीवरचा फणस तिचा थोरला जन्मला त्या साली दादांच्या आजोबांनी लावला, हे राहिले होते. खाली जागा उरली नव्हती. आम्ही ते समासात लिहिले. तिने त्याखाली पुन्हा अंगठा दिला.