एकशे एकोणतीस वर्षे बाकी

दसऱ्याच्या दिवशी मोटारीला झेंडूचा हार घालावा, बॉनेटवर हळदकुंकू वाहावे, चाकाखाली लिंबू ठेवावे आणि मोठ्या ऐटीत किल्ली फिरवावी, तर गाडीने खोकत राहावे, यासारखी फजिती नाही. २०२४ सालच्या दसऱ्याला माझी ती झाली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, अंगात आल्यासारखी थरथरली आणि काळा धूर सोडून एकदाची चालू झाली. तबक घेऊन दारात उभी असलेली आमची ही म्हणाली, "अहो, हिच्याही गुडघ्याचं काही झालंय की काय?"

गाडीची ओळख करून द्यायला हवी. आम्ही १९७९ पासून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो. आयुष्यभर संसारी माणसाला शोभतील अशाच चार दारांच्या मोटारी वापरल्या. २०१२ साली निवृत्त झालो आणि बुद्धी फिरली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आपली मियाटा विकत होते. १९८९ च्या फेब्रुवारीत माझदा कंपनीने शिकागोच्या प्रदर्शनात जी छोटी दोन आसनी गाडी मांडली, तिचीच ही १९९५ सालची बहीण. लाल रंग, कापडी टप आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसायचे. पहिली काही वर्षे आम्ही दोघे टप उघडून भटकलो. मग २०१९ मध्ये हिच्या गुडघ्याची वाटी बदलली. एवढ्या खाली बसणे आणि उठणे जमेल कसे? गाडी गॅरेजमध्ये राहिली. तेव्हापासून वर्षाला दोनशे मैल, तेही मी एकटा, वाणसामानाच्या निमित्ताने.

दसऱ्याच्या संध्याकाळी चिरंजीवांचा सिएटलहून फोन आला. गाडी खोकल्याची बातमी आईकडून पोचली होतीच. "बाबा, विकून टाका आता. माझ्या ओळखीत घेणारा आहे." पुढे तो असेही म्हणाला की, विकायचीच आहे तर प्लगबिग बदलण्यात पैसे घालू नका. म्हणजे प्रश्न साधा राहिला नाही. प्लग बदलायचे म्हणजे गाडी ठेवायची, आणि गाडी ठेवायची तर ती कोणासाठी?

मी पेशाने इंजिनिअर. असल्या वेळी भावनेच्या नादी न लागता कागद घेऊन बसतो. आधीच्या मालकांनी सगळ्या नोंदी वहीत टिपल्या होत्या. प्लग २००८ साली बदलले, तेव्हा मैल २७,२००. आता काटा ३१,४०० वर. या जातीच्या साध्या प्लगांना ३०,००० मैलांचे आयुष्य धरतात. म्हणजे माझ्या प्लगांचे ४,२०० मैल खर्ची पडले, २५,८०० शिल्लक. वर्षाला दोनशेने भागले तर एकशे एकोणतीस वर्षे बाकी! मी त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचा. दोनशे तीन वर्षांचा होईपर्यंत चिंता नाही.

पण मग गाडी खोकली का? पुस्तकात मैलांच्या शेजारी महिनेही छापलेले असतात आणि जे आधी भरेल ते धरा, अशी तळटीप असते. आजवर मी तिला कंपनीची मखलाशी समजत होतो. चिनीमातीला आणि निकेलला महिने कसे मोजता येतील? प्लग झिजतो तो ठिणगीने.

दादरला आमच्या वाडीत डॉक्टरकाकांची डुक्कर फियाट होती. दर रविवारी काका प्लग काढून पॉलिशपेपरने घासत आणि आम्हा पोरांना एकेक हातात देऊन म्हणत, "बघा, याचं तोंड पाहिलं की इंजिनाच्या पोटातलं कळतं." डॉक्टरच ते, जीभ पाहण्याची सवय. विटकरी-तपकिरी तोंड म्हणजे प्रकृती उत्तम. पांढरे, फोड आलेले म्हणजे अंगात ताप. तेलकट ओले म्हणजे तेल नको तिथे जाते आहे. काजळीसारखे कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त आणि ऊब कमी. तेव्हा कागद बाजूला ठेवला आणि जीभच पाहायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंडगार असताना कामाला लागलो. थंड असणे महत्त्वाचे, कारण माथा ॲल्युमिनियमचा आणि प्लग पोलादाचा. गरम असताना जोर केला तर माथ्यातले आटे सोलून निघतात, आणि मग वीस डॉलरच्या कामाचे हजारांत जाते. आधी खळग्यातली धूळ फुंकून काढली. वायर न ओढता टोपी पिळून उपसली. एक, दोन, तीन सुटले. चौथा, अगदी मागचा, हलेना. सोळा वर्षे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना धरून बसले की ते असे सहज सोडत नाहीत. महिन्यांचा हिशेब छापतात त्याचे एक कारण इथे माझ्या मनगटाला समजले. थोडे तेल सोडले, रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पाव फेरा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे, असे लहान मुलाच्या बोटातली तंग अंगठी काढावी तसे करत अर्ध्या तासाने कुरकुरत बाहेर आला.

चारही तोंडे काजळीने भरलेली. फट मोजली तर १.१ मिलिमीटर, जवळजवळ नव्यासारखी! झीज नावालाही नाही. मग ही काजळी कसली?

कसली ते कळले तेव्हा मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसलो. दर रविवारी मी गाडी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवत होतो, बसून खराब होऊ नये म्हणून. पाच वर्षे, न चुकता. प्लगचे टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसला पोचले की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, पण जागच्या जागी घुरघुरणाऱ्या इंजिनात ते तेवढे तापतच नाही. शिवाय थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते. मिनिटाला ८५० फेरे धरले आणि या गाडीत दर फेऱ्याला प्रत्येक प्लग ठिणगी टाकतो (त्यातली अर्धी वायाच जातात, अशीच रचना आहे), तर दहा मिनिटांत ८,५०० ठिणग्या, वर्षात चार लाखांवर, आणि काट्यावर मैल शून्य. चालवली असती तर मैलाला तीन हजारांवर ठिणग्या पडल्या असत्या आणि तोंड स्वच्छ राहिले असते. मी जी काळजी घेत होतो तिनेच गाडी काळवंडली होती.

हात पुसत घरात गेलो. ही खुर्चीत बसली होती. चहा मी नेऊन दिलेला, पेपर मी नेऊन दिलेला, गोळ्याही मीच. गुडघ्याचा व्यायाम शिकवणारी बाई पाच वर्षांपूर्वीच सांगून गेली होती, यांना हिंडूफिरू द्या. मी तेव्हा मान डोलावली होती. "काय निघालं?" हिने विचारले. मी म्हणालो, "काजळी." आणखी काही बोललो नाही.

नवे प्लग आणले. दुकानदार इरिडियमचे घ्या म्हणत होता, एक लाख मैल टिकतात. माझ्या हिशेबाने पाचशे वर्षे. साधेच घेतले. प्लगच्या शेंडीला रबरी नळीचा तुकडा लावून हातानेच फिरवत बसवायचा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि नुकसान टळते. हाताने घट्ट झाला की पान्याने अर्धा फेरा, बस्स. गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली, खोकला नाही की धूर नाही. मी मुद्दामच जोरात हाक मारली, "अगं, ऐकायला ये!"

ती आली. हळूहळू, भिंतीला हात लावत. "बसून बघतेस?" "उठेन कशी?" "ते परत आल्यावर बघू." व्यायामवाल्या बाईने शिकवले होते तशी ती आधी पाठमोरी सीटवर टेकली आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले. लँबर्टव्हिलपासून डेलावेअर नदीच्या काठाने फ्रेंचटाऊनपर्यंत गेलो. झाडे लाल-पिवळी झाली होती. टप उघडाच होता आणि हिने डोक्याला शाल गुंडाळली होती. परतल्यावर उठताना मी दोन्ही हात धरले. एकदा खाली बसली, हसली, दुसऱ्यांदा उठली.

चिरंजीवांना कळवले, गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग.

पुढच्या उन्हाळ्यात सहज एक प्लग काढून पाहिला. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कसा आहे रंग?" मी म्हणालो, "चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा." मग कागद घेतला. नवे प्लग बसवून वर्ष होत आले होते आणि मैल झाले होते चौदाशे. या चालीने ते एकवीस वर्षे पुरतील, म्हणजे मी पंच्याण्णवाचा होईपर्यंत. हिला तो आकडा दाखवला. ती म्हणाली, "चौथा तेव्हा पुन्हा अडकेल. त्याला मधूनमधून सैल करत जा."