जेवणाआधीचं उत्तर

आंबट पितळेत ठेवू नये, हे भंडाऱ्याकडच्या घरांत कुणी मुद्दाम शिकवत नसे. ताक बिनकल्हईच्या गंजात रात्रभर राहिलं, की सकाळी आजी बोटाच्या टोकावर थेंबभर घेई, जिभेला लावी आणि म्हणे, "कळकलं." एवढ्यावर निकाल लागे. ताक न्हाणीत ओतलं जाई आणि गंज कल्हईसाठी बाजूला काढला जाई. ताकातल्या आम्लात भांड्याचं तांबं थोडं थोडं विरघळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची जीभ ते ओळखत होती, आणि पोरं पानावर बसायच्या आत ओळखत होती.

मी रसायनशास्त्र शिकवतो. विद्युत-रासायनिक संवेदक, ज्यांना प्रयोगशाळेत आम्ही सगळे सेन्सरच म्हणतो, ते घडवणं हा माझ्या आवडीचा विषय. या कामाचा विचार करताना मला भंडाऱ्याच्या पितळेपाशी यावंच लागतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हईवाला भांडं तापवून त्यात नवसागर फिरवी. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठे. त्या नवसागरातून सुटलेलं आम्ल धातूवरचा काळा थर खाऊन टाकी आणि मगच कथील पृष्ठभागाला धरे. आणि तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत, काळंभोर मँगनीज निघतं. तांबं, जस्त, नवसागर, मँगनीज: एका जिल्ह्याच्या रोजच्या व्यवहारातली ही चार नावं.

यातलं तांबं आणि जस्त पितळेत एकजीव झालेलं असतं. अलेस्सांद्रो व्होल्टाने 1800 साली ते वेगळं ठेवलं, चकत्यांच्या मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घातले, आणि जगाला पहिल्यांदा अखंड वाहणारी वीज मिळाली. पुढे 1866 साली जॉर्ज लक्लांशेने जस्त, नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड घेऊन जो सेल केला, त्याच्याच वंशातला कोरडा सेल आपल्या टॉर्चमध्ये आणि ट्रान्झिस्टरमध्ये बसला. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज बॅटरीच्या कारखान्यांना जात आलं आहे. तिथेच 'मॉइल' या मँगनीज-खाण कंपनीचा एक प्रकल्प विजेच्या साहाय्याने अतिशुद्ध मँगनीज डायऑक्साइडही बनवतो. रसायनातून वीज आणि विजेतून रसायन, अशी दोन्ही वाटांची ये-जा आमच्या मातीत आधीपासून आहे.

व्होल्टाच्याही आधी, अठराव्या शतकाच्या मध्यावर, योहान सुल्झर नावाच्या स्विस विद्वानाने शिसं आणि चांदीचे तुकडे एकमेकांना टेकवून जिभेला लावले. सुटे सुटे लावले तर दोन्ही धातूंना चव नव्हती. एकत्र टेकवल्यावर मात्र चमत्कारिक चव आली. ती विजेची चव होती, हे त्याला कळलं नाही. आज मला वाटतं, पहिला विद्युत-रासायनिक सेन्सर जीभच होती. आजीची आणि सुल्झरची.

पण जिभेची धाव मर्यादित. पाण्यात विरघळलेल्या शिशाला, धोक्याच्या पातळीवरही, चव नसते. आपल्या मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको. ही मात्रा कोणत्या जिभेला कळणार? चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांतल्या बोअरचं पाणी गोड लागतं, थंड लागतं, आणि त्यातलं फ्लोराइड वर्षानुवर्षं दात आणि हाडं पोखरत राहतं. फ्लोराइडची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम. दुसरं पाणीच नसेल तर दीड. जिथे जीभ गप्प बसते, तिथून आमचं काम सुरू होतं.

तांब्याचंच उदाहरण घेतो. पेन्सिलीतलं शिस, म्हणजे खरं तर ग्राफाइट, हा उत्तम आणि स्वस्त इलेक्ट्रोड आहे. मुलांना तो हाती देताना मला विशेष आनंद होतो. ते टोक द्रावणात बुडवायचं, सोबत चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ-इलेक्ट्रोड आणि एक प्लॅटिनमची तार. टोकाला पुरेसा ऋण विभव, म्हणजे विजेचा दाब, दिला की द्रावणात विखुरलेले धातूंचे आयन हळूहळू त्यावर येऊन बसतात. इतक्या विरळ द्रावणातून ते ओळखणं कठीण. म्हणून आधी त्यांना एका जागी गोळा करायचं. मग विभव धन दिशेला सरकवत न्यायचा. सुपातलं धान्य पाखडताना जड आणि हलकं जसं आपापल्या जागी पडतं, तसा प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या विभवाला टोकावरून सुटतो: आधी जस्त, मग कॅडमियम, मग शिसं, मग तांबं. सुटताना इलेक्ट्रॉन देतो. पडद्यावर एकेक शिखर उमटतं. शिखराची जागा धातूचं नाव सांगते, उंची त्याची मात्रा. या शास्त्राचा पाया यारोस्लाव हेयरोव्हस्कीने 1922 साली प्राग शहरात पाऱ्याच्या ठिबकत्या थेंबांवर घातला. त्याला 1959 चं नोबेल मिळालं. पारा स्वतःच विषारी, म्हणून 2000 साली जोसेफ वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरून दाखवला. विष शोधणाऱ्या साधनाने नवं विष मागे ठेवू नये, ही जाणीव मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

शुद्ध पाण्यातलं तांबं मोजणं सोपं. ताकातलं मोजायला गेलो की खरी परीक्षा सुरू होते. ताकातली प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटतात, त्याचा पृष्ठभाग झाकून टाकतात. तांब्याचे आयन त्यांतल्या केसीनला धरून बसतात आणि सहजी सुटत नाहीत. मग आम्लात उकळून ते बंध तोडावे लागतात. त्याच नमुन्यात माहीत असलेली मात्रा घालून शिखर किती वाढलं ते पाहावं लागतं. अन्न साधं नसतं. त्यात स्निग्ध असतं, साखर असते, रंग असतो, आणि यातलं काहीही मोजणाऱ्याच्या आड येऊ शकतं. चांगला सेन्सर घडवण्यातला निम्म्याहून अधिक वेळ या आड येणाऱ्यांशी समझोता करण्यात जातो, आणि तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. त्या झटापटीत अन्न कळतं.

या साधनांचा इतिहास पाहिला तर प्रत्येकामागे कुणाची तरी निकड दिसते. 1934 साली कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता नेमकी मोजता येईना, कारण टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड जुन्या पद्धतींत घोळ घाली. एका मित्राची ही अडचण सोडवायला अर्नोल्ड बेकमनने काचेच्या इलेक्ट्रोडला जोडायचं उपकरण बांधलं. तो आजच्या पीएच मीटरचा पूर्वज. 1956 साली लेलंड क्लार्कने प्लॅटिनमवर पातळ पडदा ओढून रक्तातला ऑक्सिजन मोजला. 1962 साली त्यानेच त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवायची वाट दाखवली, आणि आज घराघरांत बोट टोचून साखर पाहणारे आपण सगळे त्या वाटेवरच आहोत. 1966 साली फ्रँट आणि रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकातून फ्लोराइडचा इलेक्ट्रोड केला. पोलादाच्या उद्योगात तर झिर्कोनियाची कांडी सोळाशे अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या धातूत बुडवतात. काही क्षणांत ती त्यातल्या ऑक्सिजनची मात्रा सांगते आणि संपून जाते. तिने उत्तर ओतकाम सुरू व्हायच्या आधी दिलेलं असतं. नंतर दिलं तर त्याचा उपयोग केवळ दोष कुणाचा हे ठरवायला.

ही 'आधी'ची गोष्ट मला वैनगंगेच्या काठी सर्वांत जास्त टोचते. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि हे सगळं गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात येऊन संथ होतं. वाहतं पाणी खळखळताना हवा घेतं. थांबलेलं पाणी तितकी घेत नाही. पंचवीस अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. मैला कुजवणारे जीवाणू तो वापरत जातात, आणि चारच्या खाली उतरला की बहुतेक मासळीचे हाल सुरू होतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना हे आकड्याशिवाय ठाऊक असतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना त्यांना दिसतात. पहाटेच, कारण रात्रभर पाण्यातल्या वनस्पतीही श्वासच घेत असतात, ऑक्सिजन देत नसतात. दुपारी उन्हात बाटली भरून नेली तर आकडा चांगला येईल. तो खोटा नसेल, पण नदीची रात्र त्यात नसेल. पाण्यात मुक्काम करणारा सेन्सर ती रात्र नोंदवतो.

अर्थात त्याला एकटं सोडून चालत नाही. नदीत त्याच्या पडद्यावर शेवाळ आणि जीवाणूंचा थर चढतो आणि आकडे घसरू लागतात. पीएचचा इलेक्ट्रोडही एका अंकामागे सुमारे 59 मिलिव्होल्ट द्यायचा तो कमी देऊ लागतो. त्याला चार, सात आणि नऊ पूर्णांक दोन पीएचच्या बफर द्रावणांमध्ये बुडवून पुन्हा पुन्हा वळण लावावं लागतं. मी मुलांना सांगतो, ज्या यंत्राची पडताळणी थांबली त्याच्यावर विश्वास ठेवू नका, त्याचा आकडे दाखवणारा पडदा कितीही लखलखीत असो. सेन्सर धुणारा, तपासणारा, शंका घेणारा माणूस गावातच हवा. आपल्या मुला-मुलींना हे सहज शिकता येतं; पेन्सिलीच्या टोकावर तांब्याचं शिखर उमटलेलं पाहताना त्यांचे डोळे मी पाहिले आहेत.

म्हणून माझ्या लेखी हे काम शोधनिबंध छापून संपत नाही. दूध संकलन केंद्रावर, बोअरच्या पंपाशी, नदीच्या घाटावर ते पोचलं पाहिजे. जो खातो, जो पितो, जो त्या पाण्यात जाळं टाकतो, त्याला आकडा वेळेवर मिळाला पाहिजे, तो स्वतः तपासून पाहता आला पाहिजे, आणि त्याच्या बळावर वरच्या गावाला, वरच्या शहराला जाब विचारता आला पाहिजे. मोजण्याचं शास्त्र मी शिकवतो ते या अधिकारासाठी.