दहाव्या वर्षीचा फाटा

आम्ही म्युनिकला राहतो. इथे बव्हेरियात मूल चौथीत असताना, मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा त्याच्या हातात एक प्रगतिपत्रक ठेवते आणि पाचवीपासून ते कोणत्या शाळेत जाणार हे त्यावरून ठरतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. श्रेणी 1 ते 6, त्यात 1 सर्वांत चांगली. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे आबिटुर परीक्षा देऊन थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. 2.66 पर्यंत रिआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, आणि त्यापुढे मिटेलशूले, म्हणजे मुख्यतः व्यवसाय प्रशिक्षणाकडे नेणारी शाळा. शिक्षण हा जर्मनीत राज्यांचा विषय असल्यामुळे सगळीकडे असं नाही. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत असते आणि बहुतेक राज्यांत शेवटचा शब्द पालकांचा असतो. बव्हेरियात मात्र आकडा बोलतो.

आमच्या मुलाला गणितात 2, जर्मनमध्ये 3 आणि परिसर अभ्यासात 3 मिळाले. सरासरी 2.66. एका विषयात एक श्रेणी वर असती तर गिम्नाझियुम मिळालं असतं. साताऱ्याहून माझ्या वडिलांचा फोन आला तेव्हा सहापैकी दोन म्हणजे चांगले गुण, हे त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला. त्यानंतरचा त्यांचा प्रश्न मात्र माझ्याही मनात होता : दहा वर्षांच्या पोराचं एवढ्यात कसं ठरवता?

वर्गशिक्षिकेला भेटायला गेलो तेव्हा तिने त्याची गणिताची वही उघडली. शाब्दिक उदाहरणांत आकडेमोड सगळी बरोबर होती, पण उत्तराची वाक्यं अर्धवट सुटलेली. घरी मराठी बोलता ते मुळीच बंद करू नका, जर्मन पुस्तकं मात्र रोज वाचू दे, असं ती म्हणाली. गिम्नाझियुमचा आग्रह असेल तर तीन दिवसांचा चाचणीवर्ग असतो, तिथे जर्मन आणि गणित तपासतात. आम्ही मुलाला विचारलं. त्याचा जवळचा मित्र रिआलशूलेत चालला होता, त्यालाही तिकडेच जायचं होतं. आम्ही ते मान्य केलं, पण मनातली भीती गेली नाही. आमच्या ओळखीच्या भारतीय घरांमध्ये गिम्नाझियुमशिवाय दुसरी शाळा कुणी उच्चारत नव्हतं.

ही भीती अगदीच निराधार नाही. पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे पहिले निकाल 2001 च्या अखेरीस आले, तेव्हा जर्मनीत मुलाचं यश आईवडिलांच्या परिस्थितीशी किती घट्ट बांधलेलं आहे हे उघड झालं आणि देश हादरला. ज्या घरात जर्मन बोलली जात नाही, गृहपाठ घ्यायला कुणी नाही, त्या घरातलं मूल चौथीतच मागे पडू शकतं. दहाव्या वर्षी मुलांना वेगळं काढणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

पण त्या फाट्याच्या पुढे काय आहे, हे मुलगा मोठा होत गेला तसं कळत गेलं. रिआलशूलेची दहावी झाल्यावर तो फाखओबरशूले या पुढच्या शाळेच्या तंत्रशाखेत गेला. तिथे अकरावीचं निम्मं वर्ष प्रत्यक्ष कामावर काढावं लागतं. बारावीनंतर उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थांचा दरवाजा उघडतो, आणि तेरावी केली तर आबिटुरसुद्धा मिळू शकतं. चौथीत हुकलेलं दार अशा रीतीने पुन्हा उघडतं.

दुसरी गोष्ट शेजारी पाहिली. शेजारच्या मुलीने गिम्नाझियुममधून उत्तम गुणांनी आबिटुर केलं आणि सुतारकामाचं प्रशिक्षण घेतलं. तीन वर्षांच्या प्रशिक्षणात कार्यशाळेत काम आणि व्यवसायशाळेत वर्ग. कार्यशाळेत काम शिकतानाच पगार. पुढे तिला मास्टर कारागीर व्हायचं आहे. ही पात्रता जर्मनीच्या राष्ट्रीय आराखड्यात सहाव्या स्तरावर आहे, म्हणजे पदवीच्या बरोबरीची. तिने स्वतः घासून गुळगुळीत केलेला ओकचा खण तिच्या आईने आम्हाला कौतुकाने दाखवला. ‘एवढं शिकून सुतार?’ असं त्या घरात कुणी म्हटलं नाही.

भारतात मात्र माझा चुलतभाऊ दहावीनंतर फिटर ट्रेडला आयटीआयत गेला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट बोलत नव्हतं. त्याला गुण कमी पडले म्हणून तो तिकडे गेला, एवढंच सगळ्यांच्या लेखी खरं होतं. त्याचे हात किती हुशार आहेत हे कुणी पाहिलं नाही. आपल्याकडे निवड दहावीपर्यंत पुढे ढकललेली आहे, ही मोठी जमेची बाजू. रस्तेही आहेत : आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पण निकालाच्या दिवशी हे रस्ते मुलाला कुणी सांगत नाही.

दोन देशांतलं शिक्षण पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की शाळेची व्यवस्था जोखायची तर पहिला नंबर काढणाऱ्याकडे पाहू नये. मुख्य रस्त्यावरून बाजूला गेलेल्या मुलाला परत येता येतं का, आणि तो जिथे आहे तिथे त्याला मान मिळतो का, हे पाहावं. परत येण्याची सोय सरकारने करायची आहे. मान देणं आपल्या हातात आहे. यंदा दहावीच्या निकालानंतर घरातलं कुणी आयटीआयला जायचं म्हणालं, तर त्याला कोणता ट्रेड आवडतो हे आधी विचारा.